तेरा रत्तलांचा गोळा आणि आमचा लवू

घाटकोपर ते मुलुंड या सगळ्या पट्ट्यात छप्पन्न साली आमच्या लवूसारखा ड्रिल मशिनवरचा हात दुसरा नव्हता. हे मी त्याचा मोठा भाऊ म्हणून सांगत नाही. भाऊ नसतो तरी हेच सांगितलं असतं, फक्त इतक्या मोठ्याने सांगितलं नसतं.

लवू माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. मी चौथीत शाळा सोडली म्हणून तो सातवीपर्यंत शिकू शकला, तेव्हा त्याच्या शिक्षणात निम्मा वाटा माझा. पण हाताची कला मात्र त्याची स्वतःची. गावी असताना सगळ्या पोरांचे भोवरे अंगणभर हिंडायचे, लवूचा भोवरा एका जागी झोपायचा. तो आर अशी सरळ ठोकायचा की भोवरा फिरतोय की नुसता उभा आहे, हे बोट लावल्याशिवाय कळायचं नाही. मुंबईत आला तरी खोड तीच. भिंतीवरचं कॅलेंडर सुतभर तिरकं असलं तर याला घास गिळवत नसे. माझी बायको सुगंधा त्याला चिडवायची, "भावोजी, तुमची बायको दोन्ही बाजूंनी तोलूनच आणायला हवी."

घाटकोपरला रेगेसाहेबांचं छोटं वर्कशॉप होतं. श्यामसुंदर रेगे, माणूस शिकलेला, स्वतः कॉलर न मळवणारा, पण कामातलं कळणारा. तिथे लवू बदली कामगार म्हणून लागला नि दोन वर्षांत ड्रिलवर गेला. काम पुल्यांचं आणि पंख्यांच्या चाकांचं. फिरणारी वस्तू सगळ्या अंगांनी सारख्या वजनाची हवी, नाहीतर ती थरथरते नि मशीन खाते. लवू चाकात दांडा घालून तो दोन समांतर पट्ट्यांवर अलगद ठेवायचा. जड बाजू आपोआप खाली यायची. मग तिथे एक भोक पाडून तो जडपणा काढून टाकायचा. जिथे जड तिथे भोक, एवढा त्याचा धर्म.

मी होतो माहुलला. तिथे तेलाचे कारखाने उभे राहत होते नि त्या कामावरच्या गोऱ्या साहेबांनी आपल्यापुरता एक क्लब बांधला होता. त्या क्लबात गोळ्याचा खेळ. गुळगुळीत लाकडाची वीस पावलं लांब पट्टी, शेवटी दहा लाकडी बाटल्या. साहेब त्यांना पिना म्हणत, आम्ही बाटल्याच म्हणायचो. चार, तीन, दोन, एक अशा मांडायच्या, आडव्या झोपवलेल्या दहीहंडीसारख्या. साहेबाने तीन बोटं खुपसून काळा गोळा सोडायचा नि बाटल्या उडवायच्या. त्या परत मांडायच्या आणि गोळा उतरत्या पन्हळीतून परत धाडायचा, हे माझं काम. बाटल्यांच्या मागे उंच फळीवर पाय वर घेऊन बसायचो. दिवसाला दोन-तीनशे गोळे माझ्या अंगावर चालून यायचे. गोळा ओळखायचा तर समोरून ओळखावा, पाठून काय कळतं? या बाबतीत साहेबांपेक्षा मला जास्त कळायचं, आणि हे मी साहेबांना सांगितलंही असतं, पण इंग्रजी आडवं आलं.

क्लबात सगळ्यांत भारी खेळायची कार्टर मेमसाहेब. उंच, किडकिडीत, उजव्या हाताची. तिचा गोळा उजव्या काठाने सरळ जायचा, आता पट्टीच्या कडेच्या नाल्यात पडणार असं वाटायचं, आणि शेवटच्या चार पावलांवर डावीकडे वळून पहिल्या नि तिसऱ्या बाटलीच्या मधे घुसायचा. दहाच्या दहा आडव्या. फेब्रुवारीत तिचा तो गोळा तडकला. अमेरिकेहून नवा यायचा तर चार-पाच महिने. मायदेशी परतलेल्या एका साहेबिणीचा तेरा रत्तलांचा गोळा क्लबात पडून होता, पण त्याची भोकं भलत्याच हाताची. बोटं घालायची तर मोजून पाडलेलीच लागतात.

मेमसाहेब म्हणाली, "धाकू, बंबई में कोई ये होल बना सकता?"

मी म्हटलं, "मेमसाब, मेरा भाई. पूरे बंबई में एकच."

ती हसली. "तुम्हारा सिस्टर होता तो वो भी एकच होता."

"बहीण नाही, मेमसाब. असती तर असतीच."

असा तो गोळा माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून माहुलहून घाटकोपरला आला.

पहिली अडचण हाताच्या मापाची. लवू म्हणाला, "दादा, मी मेमसाहेबाचा हात हातात घेऊन टेप लावणार नाही. मला लाज वाटते."

"मग काय माप स्वप्नात घेणार?"

सुगंधा पोळ्यांची कणीक मळत होती. तिने त्यातला नारळाएवढा गोळा तोडून माझ्या पुढ्यात ठेवला. "हा न्या डब्यातून. बोटं खुपसायला सांगा तिला. कणीक घट्ट आहे, माप हलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी कार्टर मेमसाहेबाने खळखळून हसत कणकेत तीन बोटं घातली. लवूने तो गोळा सावलीत वाळवला आणि त्यावरून भोकांचं अंतर, जाडी आणि तिरकेपणा उतरवून घेतला. साहेबांच्या देशात यासाठी पेटी भरून हत्यारं असतात म्हणे. आमच्याकडे शेरभर कणीक पुरली.

जुनी भोकं त्याने कडक रबराच्या खुंट्या ठोकून बुजवली, वरून घासून पॉलिश केली. आता गोळा कोरा. पण भोकं पाडायची कुठे? असल्या गोळ्याच्या पोटात एका अंगाला एक जड गाठ भरलेली असते. कंपनीचा छाप त्या गाठीच्या बरोबर वर असतो. या गोळ्यावरचा छाप घासून घासून कधीच गेला होता. नि पट्ट्यांवर चाक तोलता येतं, गोळा येत नाही. तो वाटेल तसा लोळतो.

लवू म्हणाला, "पाण्यात टाकू. तरंगला तर जड बाजू खाली जाईल."

चाळीच्या गॅलरीत आमचं पाण्याचं पिंप होतं. लवूने गोळा अलगद सोडला. गोळा तरंगायचं मनातसुद्धा न आणता तळाला गेला आणि पिंपाला असा दणका बसला की वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "काय पडलं रे?"

सुगंधा कमरेवर हात ठेवून उभी. "प्यायचं पाणी आहे ते! त्या गोळ्यावर किती जणांची बोटं लागली असतील!"

आमची आई जानकी. आम्ही तिला आये म्हणायचो. ती दारात तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मेल्यांनो, साध्या पाण्यात कसो तरंगतलो? मी आंबे खारात घालतंय, ते वर येतत. म्हणान तर त्यांच्या उरावर धोंडो ठेवूचो लागता."

लवू आयेकडे बघतच राहिला. मग गोळा बाहेर काढून पुसायलासुद्धा थांबला नाही. "दादा, सायकल काढ. कांजूर!"

कांजूरला मिठागरं. तिथे दशरथ पाटील म्हणून माझ्या ओळखीचा आगरी होता. उन्हाने आटून आटून मीठ धरायला आलेल्या खाजणाशी त्याने आम्हाला नेलं आणि गोळ्याकडे बघून म्हणाला, "यो काय नारल हाय का रं? बुडला त मी उतरनार नाय."

बुडला नाही. त्या दाट पाण्यात तेरा रत्तलांचा गोळा बदकासारखा बसला, थोडीशी टाळू वर काढून. लवूने हाताने फिरवला, गोळा हळूहळू परत वळला नि तीच टाळू वर आली. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. म्हणजे वरची टाळू हलकी, तिच्या बरोबर खाली जड. त्याने गेरूने दोन खुणा केल्या. दशरथ गुडघाभर पाण्यात कधी उतरला ते त्यालाही कळलं नसावं. "आयला," तो म्हणाला, "तुजा भाव डोकेबाज हाय."

"घरातच आहे ते," मी म्हटलं.

आता लवूची चूक सांगतो. चूक म्हणायलाही जीभ वळत नाही, कारण इतकं चोख काम कुणी केलं नसेल. त्याने जड खुणेच्या दोन्ही अंगांना सारखी अंतरं ठेवून तीन भोकं पाडली. गोळा पुन्हा कांजूरला. अजून एक बाजू थोडी जड निघाली, तिथे त्याने चौथं, बारीकसं भोक पाडलं नि ते हलक्या भुशाने भरून तोंड बंद केलं. पुन्हा कांजूर. शेवटी गोळा असा झाला की खारात कसाही ठेवा, तसाच राहायचा. कुठलीच बाजू वर नाही, कुठलीच खाली नाही. लवूच्या तोंडावर मी तसं समाधान फक्त भोवऱ्याच्या वेळी पाहिलं होतं.

बुधवारी मेमसाहेबाने गोळा हातात घेतला. बोटं अशी बसली, जशी कणकेत बसली होती. "ओ धाकू!" म्हणाली. मी फळीवर चढलो, छाती दोन इंच पुढे. गोळा आला. उजव्या काठाने आला, काठानेच राहिला, आणि एका कोपऱ्यातली एक बाटली पाडून गेला. दुसरा तसाच. तिसरा नाल्यात. वळायचं नावच नाही. वीस गोळे टाकले तिने, आणि वीसच्या वीस आपले सरळ.

"बॉल मर गया, धाकू," ती म्हणाली. "संडे को मॅच है."

रविवारी शहरातल्या दुसऱ्या एका क्लबातल्या मेमसाहेबा खेळायला येणार होत्या आणि हिच्याकडे दुसरा गोळा नव्हता. तिच्या साहेबाने रेगेसाहेबांना फोन केला. त्या साहेबाच्या कंपनीचं पुल्यांचं काम रेगेसाहेबांकडे यायचं होतं. गुरुवारी सकाळी त्यांनी लवूला बोलावलं.

"लवू, हे काम कुणाला विचारून घेतलंस?"

"दादाने आणलं, साहेब."

"दादा ड्रिल चालवतो का? हे बघ. रविवारी तो गोळा वळला तर ठीक. नाही वळला तर सोमवारपासून मशीनला हात लावायचा नाही. कानशी घासायला बस."

लवू घरी येऊन जेवला नाही. ड्रिल म्हणजे त्याचं काय होतं ते मला ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशीही तो त्या मशीनला फडकं मारून यायचा. आणि काम आणलं होतं मी, माझ्या तोंडाने. हे मला जड गेलं, पण मी ते त्याला दाखवलं नाही. मोठ्या भावाने दाखवू नये.

"लव्या, उठ. हे बघ, मी रोज समोरून बघतो. जे गोळे झकास वळतात ना, ते डुलत येतात."

"डुलत म्हणजे?"

"म्हणजे शिमग्यातून घरी जाणाऱ्या माणसासारखे. एका अंगाला झुकलेले. तुझा गोळा आला तो हवालदारासारखा. ताठ. सलाम ठोकून निघून गेला."

लवू उठून बसला. "सगळे वळणारे डुलतात? नक्की?"

"मी काय पिंपात बसतो की बाटल्यांमागे?"

मग तो स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "पट्टीच्या पुढच्या भागाला तेल असतं ना?"

"रोज मीच लावतो."

"तेलावर गोळा नुसता घसरत जातो. शेवटच्या कोरड्या लाकडावर तो धरतो, नि मग वळतो. एका अंगाला जड असलेला गोळा घसरताना त्या अंगाला झुकतो, वेळ काढतो, आणि धरला की जोरात वळतो. दादा, मी त्याचा तो झोकच काढून टाकला. चाक समजून तोलला."

"मग जड कर की परत."

"करतो. पण कुठल्या अंगाला?"

मी फाटकन सांगितलं, "डाव्या. झोक डावीकडेच असतो, मी रोज बघतो."

"कुणाच्या डाव्या?" लवूने विचारलं. "तू समोर बसतोस. तुझा डावा म्हणजे तिचा उजवा."

खरं सांगतो, माझी जरा वाट लागली होती. लवूने आयेच्या समोरचा नारळ उचलला, मला गॅलरीच्या एका टोकाला उभं केलं नि स्वतः दुसऱ्या टोकाला बसला. "तू टाक. तिच्यासारखा." मी नारळ सोडला. कुठे झुकलेला असतो ते हाताने दाखवलं. मग जागा बदलून पुन्हा दाखवलं. तीनदा.

आये ओरडली, "अरे, तो नारळ हा माझो, चटणेचो!"

"उजवा," लवू म्हणाला. "तिचा उजवा. अंगठ्यापासून बोटांकडे जी रेघ जाते, तिच्या उजव्या अंगाला जडपणा ठेवायचा."

खेळाच्या नियमात एका बाजूला एक औंसापेक्षा जास्त जड चालत नाही, हे मी शुक्रवारी मेमसाहेबाकडून विचारून आणलं. औंस म्हणजे अडीच तोळ्यांच्या आत. चाळीतल्या सोनाराकडून लवूने तोळ्याची दोन वजनं मागून आणली. सगळी भोकं बुजवली, भुशाच्या जागी शिसं ठोकलं. मग गोळा कांजूरला नेला नि नवी जड जागा शोधली. तिच्या डावीकडे दोन बोटं सरकवून त्याने नवी भोकं आखली. रेगेसाहेब शनिवारी दाराशी उभे राहून बघत होते. लाकडाच्या वाटीत बसवलेला गोळा, वर ड्रिल, आणि लवूचा हात.

शनिवारी संध्याकाळी शेवटची फेरी कांजूरची. लवूने हलक्या टाळूवर मेणाने एक तोळा चिकटवला, गोळा परत वळला. दुसरा चिकटवला, गोळा कसाही ठेवला तसा राहिला. दोन तोळे. नियमात.

दशरथ म्हणाला, "आता त्याला माज्या आगरातच राव दे रं. रोज येतो त."

रविवारी लवूला क्लबात घेईनात. पाहुण्यांचा दिवस, बाहेरच्याला मज्जाव. तो मागच्या बाजूला कुंपणाशी उभा राहिला. माझ्या फळीच्या मागे एक झडप होती, ती मी उघडी ठेवली.

पाहुण्या मेमसाहेबा चांगल्या खेळत होत्या. मग कार्टर मेमसाहेब. तिने गोळा घेतला, एकदा माझ्याकडे बघितलं. मी पाय वर घेतले.

गोळा सुटला. उजव्या काठाने आला. तेलावरून घसरत घसरत आला, आणि मी बघत होतो, तो डुलत होता. थोडासाच. शेवटच्या कोरड्या लाकडावर त्याने पाय रोवल्यासारखं केलं आणि असा वळला, असा वळला, की पहिल्या-तिसऱ्याच्या मधे घुसून दहाच्या दहा बाटल्या उधळल्या. एक माझ्या पायाच्या अंगठ्यावर आली. नख काळं झालं. मला ते तिसऱ्या दिवशी कळलं.

मी झडपेतून ओरडलो, "लव्या! दहा!"

बाहेरून आवाज आला, "कसा आला?"

"शिमग्यातून आला!"

पहिल्या डावात तिने सहा वेळा दहाच्या दहा पाडल्या. मॅच जिंकली ती सांगायचीच गरज नाही. नंतर ती स्वतः मागे आली. तिने लवूला आत घेतलं, गोळा त्याच्या हातात दिला नि म्हणाली, "तुम फेको."

आमचा लवू. ज्याने त्या गोळ्याची भोकं दोन वेळा बुजवली आणि दोन वेळा पाडली. त्याची जाडी बोटं तिच्या भोकांत अर्धीच जायची. त्याने दोन्ही हातांनी सोडला. गोळा तीन पावलं गेला आणि नाल्यात पडला. सगळे टाळ्या वाजवून हसले. तोही हसला. मी हसलो नाही, कारण दोष बोटांच्या मापाचा होता.

सोमवारी मी क्लबात उशिरा जाईन असं सांगून लवूबरोबर वर्कशॉपात गेलो. रेगेसाहेब आधीच आले होते. ड्रिलशेजारच्या बाकावर दोन काळे गोळे ठेवलेले. कार्टर साहेबाने सकाळीच ड्रायव्हरबरोबर पाठवले होते. एक स्वतःचा, एक त्याच्या मित्राचा. सोबत डब्यात दोन कणकेचे गोळे, आत बोटांचे ठसे. कणीक जरा सैल होती, साहेबांच्या खानसाम्याला सुगंधासारखी कुठली मळता यायला.

"बस," रेगेसाहेब लवूला म्हणाले, "आणि हे तू तोलू नकोस बाबा."

लवूने ठसा उजेडात धरून बघितला. "साहेब, हा दुसरा माणूस डावरा आहे. याचा झोक उलट्या अंगाला ठेवावा लागेल."

रेगेसाहेब माझ्याकडे वळले. "हे याला कुणी शिकवलं?"

मी काय म्हटलं असेल ते तुम्हीच समजा. पण लवू मधेच म्हणाला, "अर्धं दादाने, साहेब. तो समोर बसतो ना." आणि त्याने मशीन चालू केलं.